कुंडीमागचे तीन चौकोन

तिने मागच्या दाराजवळची जड कुंडी ओढून बाजूला केली आणि हातातला ब्रश हातातच राहिला. भिंतीवर आधीच तीन चौकोन होते.

सगळा दगड शेवाळाने काळपट हिरवा झालेला. त्यात तळहाताएवढे तीन स्वच्छ तुकडे. एका ओळीत नव्हे, पायऱ्या उतरल्यासारखे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा खाली.

घरं धुणारे सगळेच लोक आधी एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात औषध लावून बघतात. साबणाचं पाणी पुरेल, ब्लीच लागेल, की गंजावरचं आम्ल काढावं लागेल, हे भिंतीलाच विचारायचं असतं. न विचारता पाण्याचा फवारा मारणारं मशीन सुरू केलं तर शेवाळाबरोबर भिंतीचा रंगही जातो आणि मग गिऱ्हाईक आपली सालटी काढतं. पण बहुतेक जण फडकं बुडवून कसंतरी गोल फिरवतात आणि मोकळे होतात. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून चौकोन आखायचा, आणि सगळ्यात कडक औषध सगळ्यात खाली ठेवायचं, म्हणजे त्याचा ओघळ दुसऱ्यावर जाऊन घोळ व्हायला नको, असा चिकित्सक माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता. तिचे वडील.

आणि त्यांना तर नदीने नेलं होतं.

ती तेव्हा शाळेत होती. पुलाजवळ त्यांची गाडी सापडली, काठावर चपला सापडल्या, ते सापडले नाहीत. मग आई मशीन चालवायला शिकली आणि आईच्या हाताखाली तीही शिकली. नदीत कुणी सापडल्याचा निरोप आला की ओळख पटवायला तीच जायची. चादर वर केली जायची, ती मान हलवायची आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहायची. आई कधी सोबत आली नाही. आईला ते सोसणार नाही, असं ती नातेवाइकांना सांगायची, आणि स्वतःलाही. बाबा नक्की गेलेत की नाही, एवढं एकदा कळावं म्हणून ती जीव मुठीत धरून जायची. रस्त्यात पाठमोरा कुणी तसा चालताना दिसला तरी तिचे पाय भरभर पडू लागायचे.

चौकोन काय, कुणीही आखेल, असं स्वतःला बजावत ती उकिडवी बसली. मधल्या चौकोनाखाली अंगठ्याचा ठसा होता. वडील पास झालेल्या औषधात अंगठा बुडवून चौकोनाखाली दाबायचे आणि म्हणायचे, झाला शिक्का. सुट्टीत ती त्यांच्याबरोबर कामावर जायची, तेव्हा त्या शिक्क्याशेजारी तिचा चिमुकला अंगठा लागल्याशिवाय मशीन सुरू होत नसे.

या ठशाशेजारीही एक चिमुकला ठसा होता.

तेवढ्यात घरमालकीण नळ दाखवायला मागे आली. बाई बोलकी होती. पुढच्या फरशीवरच्या तेलाच्या डागाला औषध लावून झालं का, तो निघेल ना, असं तिने विचारलं. मुरतंय ते, निघेल, असं ही कशीबशी म्हणाली. मग आवाज जमेल तितका साधा ठेवून तिने विचारलं, इथे आधी कुणाला बोलावलं होतं का.

छे, बाई हसली, हा आमच्या यांचा उपद्व्याप. गेल्याच आठवड्यात छोटीला घेऊन बसले होते, दोघंही शेवाळाने माखलेले. मग कंबर धरली आणि सगळं तिथेच राहिलं. घर धुवायला बाहेरचं कुणी बोलवायचं नाही हा त्यांचा हट्ट, का ते देव जाणे. म्हणून तर बाईने त्यांना न सांगता हे काम ठरवलं होतं.

"जेवायच्या वेळेला येतील," बाई म्हणाली. "बघून थक्क झाले पाहिजेत."

बाई आत गेली. ही उपड्या बादलीवर बसली. मधला चौकोन तिच्या समोरच होता. साध्या ब्लीचने दगड कसा छान उजळला होता. आणि आई या टेकडीवरचं एकही काम घ्यायची नाही. तिकडच्या दगडाला आपलं औषध चालत नाही, उगाच डाग पडतात, नसती ब्याद, असं म्हणून फोन ठेवून द्यायची. चालतं की नाही ते आपणच बघू, म्हणून ती आज आईला न सांगता आली होती.

तिने आईला फोन लावला. टेकडीवर आलेय, एवढंच सांगितलं. कुणाच्या घरी, आईने विचारलं. शेवटचं घर, हिरव्या फाटकाचं, ती म्हणाली. पलीकडे काहीच ऐकू येईना. आई चिडली असेल, असं तिला वाटलं. चिडू दे. पुढचं ऐकून आईचं काय होईल, याच भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता. बाबा आहेत, हे शब्द तोंडातून काढायचे तरी कसे?

"आई, तू आधी खाली बस," ती म्हणाली. "मला तुला एक सांगायचंय."

आईने सांगू दिलंच नाही. अगदी खालच्या आवाजात तिने विचारलं, "त्यांनी तुला पाहिलं का?"