हीथ्रो ते कार्डिफ

शैलाताई पहिल्यांदाच परदेशी निघाल्या होत्या, त्याही एकट्या. लेक नूपुर बाळंतपणासाठी कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये होती आणि जावई हर्षवर्धन तिच्याजवळ, त्यामुळे हीथ्रोवर घ्यायला कोणी येणार नव्हतं. नाना गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे लालबागच्या घरातच अडकले होते. त्यांनी आठवडाभर बायकोला एकच गोष्ट घोकवली होती, "बाहेर पडलीस की बस स्टेशन विचार. बस कार्डिफचीच आहे ना, ते ड्रायव्हरला विचारल्याशिवाय चढू नकोस."

दुपारी एकला मेसेज आला, "बस स्टेशनवर पोचले." त्यानंतर फोन बंद. साडेचारपर्यंत त्या कार्डिफला पोचायला हव्या होत्या. पाच वाजले, सहा वाजले. नाना काठी टेकत चाळीच्या गॅलरीत येरझारा घालत राहिले. शेजारच्या प्रितीने आणून दिलेला चहा कठड्यावर तसाच निवला.

"अहो, येईल फोन. बसा जरा," ती म्हणाली.

"कसला बसतोय. हिला साधं दादरला पण मी कधी एकटीला सोडलं नाही गं."

सातला हर्षवर्धनचा फोन आला. "नाना, आई आत्ताच पोचल्या. त्यांची बस चुकली होती."

नाना मटकन खुर्चीत बसले. "वाटलंच मला. हरवली ना?"



"नाही हो. एक पंजाबी आजी बस स्टेशनवर रडत बसल्या होत्या, त्यांना आईंनी आधी ब्रिस्टलला मुलाच्या घरी पोचवलं."