दहा मिनिटांचं काम

डोंगरमाथ्यावरच्या फोनच्या टॉवरपर्यंत विजेची तार पोचत नव्हती. तिथलं यंत्र गॅसच्या ज्योतीच्या उष्णतेतूनच वीज तयार करायचं, आणि ते नऊ दिवसांपासून बंद पडलं होतं. मेकॅनिक धापा टाकत वर पोचला, बर्नरवरची काजळी खरवडली, ज्योत पेटवली आणि दहा मिनिटांत टॉवर सुरू झाला.

तेवढ्यात शेजारच्या एकुलत्या एका घरातली म्हातारी फोन घेऊन लगबगीने आली. तिने उभ्याउभ्याच लेकीला फोन लावला.

"अगं, बाबा गेले तुझे. आठ दिवस झाले. छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरला फोन लागेना, मग तुलाही लागेना." डोळे पुसत ती पुढे म्हणाली, "हे मेकॅनिकदादा एवढा डोंगर चढून आले, म्हणून आज तुझा आवाज तरी ऐकला."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. "घ्या दादा, तिला तुमचे आभार मानायचेत."

त्याने काळ्या हातांनी फोन घेतला. म्हातारी त्याच्याकडे मायेने बघत होती. त्याला मान वर करवेना.

"आभार नका मानू, ताई," तो कसाबसा म्हणाला. "ही काजळी मागच्याच महिन्यात काढायला हवी होती. मी चढायचा कंटाळा केला आणि घरी बसूनच वहीत 'साफ केलं' असं लिहिलं."