सुनेचा चिनी क्लास

महेश्वरीनं मोबाइलवर चिनी भाषेचा क्लास लावला आणि मुरूम गावच्या शांताक्कांच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला. सून दुपारी जिन्यात बसून कुणाशी तरी चिनीत बोलायची, मधेच हसायची. विचारलं तर म्हणायची, "धडा म्हणतीय, आत्या. तिकडं घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, त्याचा."

शांताक्कांना काही ते पटलं नाही. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्यापाशी विषय काढलाच. महेश्वरी समोरच वाढत होती.

"धड्यात हसण्यासारखं काय असतंय? आपल्यालाच नावं ठेवत असंल. घरातल्या माणसाला कळू नये असल्या भाषेत त्याच्यासमोर बोलायचं, ही काय रीत झाली? मनात खोट असल्याबिगर कुणी असं करत न्हाय. उद्यापासून तो क्लास बंद करायला सांगा तिला."

मल्लिनाथअण्णांनी भाकरी मोडत मान हलवली.

"आमटी वाढू का, आत्या?" महेश्वरीनं विचारलं.

"वाढ की, बाळ," शांताक्का मराठीत म्हणाल्या.



त्याआधीचं सगळं त्या कानडीत बोलल्या होत्या. नेहमीसारखं, सुनेला कळू नये म्हणून.