भिंती हादरल्या पाहिजेत

“बजेट एवढंच, पण भिंती हादरल्या पाहिजेत,” असं सेल्समनला बजावून नवरा फोनवर बोलत स्पीकरच्या दुकानाबाहेर गेला. डेमोच्या खोलीत सेल्समनसोबत बायको एकटीच उरली.

सेल्समनने जिवाचा आटापिटा करून मागच्या वर्षीचा एक मोठा सबवूफर तेवढ्याच पैशांत बसवून दिला. लावल्याबरोबर खुर्च्या थरथरल्या. बाईंचं मात्र भलतंच. “आवाज पूर्ण ठेवा. मी बाहेर जाऊन दार ओढून घेते, तुम्ही आतून मला ‘ताई’ म्हणून जोरात हाक मारा.”

गिऱ्हाईक म्हणजे देव, म्हणून त्याने घसा फोडून हाका मारल्या. ती आत आली आणि मान हलवून म्हणाली, “नाही ऐकू आलं. दुसरा लावा.”

चौथ्या खेपेला वैतागून त्याने दुकानातला सगळ्यात किरकोळ, रिकामा डबा बडवल्यासारखा वाजणारा सबवूफर लावला. या वेळी पहिल्याच हाकेला ती दार उघडून आत आली.

“हा द्या.”

“ताई, याच्यात काही दम नाही. साहेब मला शिव्या घालतील. त्यांना दणका हवाय.”

तिने काचेतून बाहेर, फोनवर हसणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.



“बजेटात हाच बसला म्हणून सांगा त्यांना. ते आधी आवाज वाढवतात, मग हात उचलतात. माझी हाक शेजारी पोचतच नाही.”