डोकं कोणाच्या हद्दीत?

एनिड पिलबीमच्या झोपायच्या खोलीत एवढी माणसं आजवर कधी शिरली नव्हती. आणि तीही चिखलाच्या बुटांनी!

“गालिच्यावर नको रे, गालिच्यावर नको!” ती ओरडत होती. ऐकतंय कोण? गळ्यात सोनेरी साखळी घातलेले नगराध्यक्ष, विलोच्या झाडाच्या लवचिक काठ्या घेतलेली पोरंटोरं, कुणाचा तरी भिजलेला कुत्रा, सगळे आत. सगळ्यांच्या पुढे कौन्सिलच्या क्लार्क मिस ओकाफोर. नजर फोनवरच्या निळ्या ठिपक्यावर, एकेक पाऊल मोजून मापून.

दर मे महिन्यात हॅझलडीन गावाची हद्द पायी चालायची आणि वाटेतली प्रत्येक खूण काठीने बडवायची, ही आमची रीत. रोज कामासाठी लंडनची गाडी पकडायला धावणारी माणसं इथे राहायला आली त्याच्या कितीतरी आधीची. पहिली काठी गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात. इतकी वर्षं एनिड मागून चालत आली होती. यंदा तिचा नंबर लागला होता. त्यासाठी केस कुरळे करून घेतले होते, टोपीला नवी जांभळी फीत लावली होती.

पण मिस ओकाफोर नव्या. त्यांचं म्हणणं, गल्लीतून वळसा कशाला, खऱ्या रेषेवरूनच चालू या. आणि खरी रेषा निघाली थेट एनिडच्या घरातून!

“थांबा,” मिस ओकाफोर म्हणाल्या. “इथून जाते.”

त्यांचं बोट पलंगाच्या बरोबर मधोमध होतं.

क्लिफर्ड स्नेल लगबगीने पलंगाला वळसा घालून खिडकीपाशी गेला. तो एनिडहून आठ महिन्यांनी लहान. म्हणजे तिच्यानंतर त्याचाच नंबर. त्याने उशीवर टिचकी मारली.

“उशी या बाजूला! म्हणजे डोकं टिलबरोत. आपल्या वाट्याला नुसते पाय आले की, एनिड!”

पोरं खिदळली. एनिड नाही हसली. टिलबरो म्हणजे शेजारचं गाव. आणि रीत सगळ्यांना पाठ होती: डोकं ज्या हद्दीत झोपतं, माणूस त्या हद्दीचं.

“मी मत इथे देते,” एनिड म्हणाली. “कचऱ्याचा डबा इथल्याच गाडीसाठी बाहेर ठेवते.”

“मत वेगळं, काठी वेगळी,” क्लिफर्ड म्हणाला आणि हात पुढे केला. “आण इकडे.”

एनिडने काठी छातीशी धरली. नगराध्यक्ष उगाच साखळी सारखी करू लागले.

मग एनिडने उशी उचलली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला आपटली.

“ए, हे चालायचं नाही हं!” क्लिफर्ड म्हणाला. “आजवर कुठे झोपत होतीस ते बोल.”

सगळ्यांनी मिस ओकाफोरकडे पाहिलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. आमच्याकडे तो वर सरकला की समजावं, आता कायदा येणार.

“रीत सांगते ‘झोपतं’,” त्या म्हणाल्या. “‘झोपत होतं’ असं नाही म्हणत. आजवरचं विचारता येणार नाही, मिस्टर स्नेल. आत्ताचं बघावं लागेल.”

“आत्ता? आत्ता तर ती उभी आहे!”

पुढच्या क्षणी ती उभी नव्हती. टोपीसकट, बुटांसकट एनिड पलंगावर आडवी झाली. डोकं हॅझलडीनमध्ये, बूट टिलबरोत. काठी पोटावर. डोळे घट्ट मिटलेले.

आणि मग ऐकू आलं. आधी बारीक, मग करवतीसारखं खणखणीत. एनिड घोरत होती!

“ढोंग करतेय ही!” क्लिफर्ड किंचाळला.

“झोपलेल्या बाईशी भांडतोस?” एनिड डोळे न उघडता म्हणाली. “लाज वाटू दे जरा.” आणि जिथे थांबलं होतं तिथूनच घोरणं पुढे चालू झालं.

नगराध्यक्षांच्या खांद्यांना हसू आवरेना, साखळी खुळखुळायला लागली. मिस ओकाफोर मात्र जराही हसल्या नाहीत.

“कौन्सिलच्या मते मिसेस पिलबीम झोपलेल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “हॅझलडीनमध्ये.”

असा काही जल्लोष झाला की कुत्रा पलंगाखाली पळाला. पोरांनी काठ्या उचलल्या आणि गादी धपाधप बडवायला घेतली. एनिडही उठून बसली आणि सगळ्यांत जोरात बडवू लागली. टोपी एका कानावर, धूळ छतापर्यंत.

क्लिफर्ड एकटाच खिडकीपाशी उभा होता, हात खिशात घालून.

एनिड दमून थांबली. पलंगावर स्वतःशेजारची जागा तिने हाताने झटकली.

“ये की इकडे, क्लिफर्ड,” ती म्हणाली. “परगावात काय उभा राहिलास!”