पेवातला कंदील

जमिनीखालचं हळदीचं पेव उघडलं की धरणेंद्रअण्णा आधी आत कंदील सोडायचे. तो जळत राहिला तरच स्वतः उतरायचे. शहाण्णव साली त्यांच्या पोरानं, अतिशयनं, कुपवाडात आतल्या बारीक दिव्याच्या उजेडावरून हवेतला प्राणवायू मोजणारं यंत्र बनवलं. खोटं सांगत नाही, बाहेरचं ऊन त्यावर पडलं की आकडा नुसता नाचायचा. म्हणून पोरानं ते पेवाच्या तोंडातल्या सावलीत धरलं आणि तिथल्या कोंदट हवेलाच मोकळी हवा समजून तिचा आकडा यंत्रावर पक्का केला.

खाली सोडल्यावरही यंत्रानं तोच आकडा दाखवला. कंदील मात्र विझला.

"आवं अण्णा, थांबा की!" वर उभे आम्ही हमाल ओरडलो.

"वाऱ्यानं विझला असंल. माझ्या पोराचं यंत्र खोटं बोलतंय व्हय?" म्हणत अण्णा हसत उतरले. वर आलं ते त्यांचं प्रेत.



पेवात वारा शिरत नाही, हे आम्हाला अण्णांनीच शिकवलं होतं.