व्हय का न्हाई

महारोगावर संशोधन करणाऱ्या धर्मादाय संस्थेतली रोग्यांच्या नावांची वही आता पंचफुलाच्या ताब्यात होती. सदतीस साली ती किसनरावांकडे होती. त्यांनीच तिच्या वडिलांचं नाव डोंगरकडा गावच्या पारावर फोडलं. गावानं पाणी तोडलं. वडील शेतातल्या खोपटात एकटेच वारले. आज तेच किसनराव दारात हात जोडून उभे होते. "जावईबापूंच्या अंगावर चट्टा हाय म्हणत्यात, माय. लेक तिथंच नांदून राहिली. त्याईचं नाव वहीत हाय का? व्हय का न्हाई, येवढंच सांग." वहीतली सगळी नावं तिला पाठ होती. जावयाचं त्यात नव्हतं. एका शब्दानं म्हातारा सुखानं घरी गेला असता. तिनं वही पेटीत ठेवून कुलूप लावलं. "इथलं नाव बाहेर सांगत न्हाईत, काका." "म्हंजे... हाय?" त्यांनी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "हा नियम तुमच्यापायीच झाला."